कार्लाची पिकअप आणि वाळूच्या सहा गोण्या

मी आर्विड तोस्त्रूद, वय एक्क्याऐंशी, धंदा शेती, शिक्षण आठवी, राहणार टोर्वेल, नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितोय. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण इथे त्यांचं काम नाही. कोणी दबाव आणलेला नाही, आणणारं घरात कोणी उरलेलंही नाही. आधीचा कागद रद्द.

एक. घर, जमीन, ट्रॅक्टर, गुरं सगळं मुलगा डॅरेल याला. त्याची आई आर्डिस सहा वर्षांपूर्वी गेली.

दोन. खांबांचे खड्डे पाडायचं माझं यंत्र शेजारी मिलो फिशरकडे एकोणीस वर्षं पडून आहे. डॅरेलने ते जाऊन आणावं. मिलो साक्षीदार आहे, सही करताना वाचेलच.

तीन. शेडमधली निळी पिकअप नात टेसाला, वय पंधरा.

आता ही गाडी कुठली, ते लिहिणं भाग आहे. माझी मुलगी कार्ला पंधराची होती, इकडे त्या वयात गाडीचा परवाना मिळतो. प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं वासरू विकून तिने ती घेतली, मिलोच्या सासऱ्याकडून. चोवीस वर्षं जुनी, तळाला भोक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर.

मी म्हटलं, "घरापर्यंत ढकलत नेणार का?"

"तुम्ही ढकला, बाबा. मी चालवते."

घरापर्यंत हसत आली. भोकावर तिनेच पत्रा ठोकला.

पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की बर्फावर मागची चाकं धरत नाहीत. म्हणून इकडे हिवाळाभर हौद्यात वाळूच्या गोण्या ठेवतात. कार्लाच्या गाडीत सहा होत्या. ठेवायचं काम माझं, ती बघायचीही नाही, बाबांनी ठेवल्यात म्हणजे ठेवल्यात. १९८८ च्या जानेवारीत चारा आणायला मी तिची गाडी नेली. गोण्या उतरवून शेडच्या भिंतीशी लावल्या. चारा उतरवला, तेवढ्यात गाय विताना अडली म्हणून गोठ्यात गेलो. गोण्या राहिल्या.

सकाळी कार्ला शाळेला निघाली. ओढ्याच्या वळणावर गाडीची मागची बाजू फिरली. दार उघडलं, ती बाहेर फेकली गेली. सीटचे पट्टे त्या गाडीत नव्हतेच. गाडीला फारसं झालं नाही.

शेरीफ म्हणाला, "पोरं काय, वेगात असणार." मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

घरी येऊन गोण्या फोडल्या आणि वाळू अंगणात पसरली, कोणाला दिसू नये म्हणून. आर्डिसने खिडकीतून बघितलं. म्हणाली, "बरं केलंत. आता कोणी घसरणार नाही." तिलाही मी कधी सांगितलं नाही. ती तशीच गेली.

डॅरेल तेव्हा बारा वर्षांचा. ताई बेफाम चालवायची, हेच ऐकत मोठा झाला. मागच्या रविवारी जेवताना टेसाने गाडीचा विषय काढला.

तो ओरडला, "आत्यासारखं मरायचंय का तुला?"

टेसा म्हणाली, "आजोबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मी बटाटा खात राहिलो. दुसऱ्यांदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा नको, म्हणून हा कागद.

डॅरेल, तुझी ताई नीट चालवत होती. चूक माझी. हे कलम टेसाला तू स्वतः वाचून दाखव. अट घालायला मला तोंड नाही, विनंती समज. मग परवानगी द्यायची की नाही ते तू ठरव, पण कार्लाचं नाव घेऊन नाही म्हणू नकोस.

चार. मला आर्डिसच्या डाव्या हाताला पुरा. उजवीकडे कार्ला आहे, तिच्याशेजारी नको. पाद्र्याने थोडक्यात आटपावं.

पाच. पिकअप दुरुस्त आहे, बॅटरी नवी. सहा गोण्या काल मीच हौद्यात चढवल्या, एकेक करून, अख्खी दुपार गेली. मागच्या चाकांच्या बरोबर वर आहेत. बर्फ जाईपर्यंत कोणीही, कुठल्याही कामासाठी, त्या उतरवायच्या नाहीत.

ठिकाण टोर्वेल, स्वयंपाकघर. १९ ऑक्टोबर २०२४.
सही: आर्विड तोस्त्रूद

आमच्यासमोर सही केली:
१. इनेझ ब्राटली, टपाल कचेरी, टोर्वेल
२. मिलो फिशर, शेजारी. यंत्र आणून देतो. शेडमध्ये जाऊन गोण्या मोजल्या. सहा आहेत.