दुबार नावं पकडायची माझी शास्त्रीय पद्धत

३ जानेवारी १९४४, सोमवार. कर्जत.
मामलेदारसाहेबांनी रेशनच्या आम्हा दोघा टेंपररी कारकुनांना बोलावलं. तालुक्यात एकेका माणसाचं नाव दोन-दोन कार्डांवर आहे. अशी दुबार नावं शोधायची. महिनाअखेर ज्याचं काम चांगलं तो पर्मनंट, दुसऱ्याला नारळ. तीन कचेऱ्यांत मिळून मी आठ वर्षं टेंपररी आहे. आता नाही तर कधीच नाही. दुसरा कारकून सहदेव. त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

५ जानेवारी
पद्धत शोधली! लबाड माणूस दुसऱ्या गावात नाव जरासं फिरवून सांगतो, हरीचा हिरू होतो. म्हणून नावातल्या काना, मात्रा, वेलांट्या उडवायच्या. क-ख-ग-घ यांना नंबर एक. च-छ-ज-झ आणि स-श यांना नंबर दोन. असंच पुढे. नंबर जुळले की चोर सापडला. सहदेवला समजावलं. त्याने जांभई दिली.

८ जानेवारी
हिने विचारलं, नाव जुळलं तरच पकडणार का? म्हटलं, अर्थात. नाव निराळं तर माणूस निराळा. ऐकून फार खूश झाली. नवऱ्याच्या कामात इतका रस घेणारी बायको मिळायला नशीब लागतं.

११ जानेवारी, दुपारी ४
चार हजार नावं. अडीचशे झाली. उद्यापासून पहाटे उठून रोज दोनशे.
सहदेव सायकलवर कळंबला. विहिरीवर म्हाताऱ्यांशी गप्पा मारतो म्हणे. ‘लेक कुठं दिली?’ विचारतो. याला सरकार पगार देतं!

१२ जानेवारी
उठलो नाही. थंडी.

१७ जानेवारी
मासा गळाला लागला. गजा : एक, दोन. काशी : एक, दोन. एकाच घरात! एक खोटं असणारच. काशी खोडली.

१९ जानेवारी
गजा आणि काशी नवरा-बायको निघाले. काशीबाई ऑफिसात येऊन अर्धा तास बोलल्या. मधे श्वास घेतला नाही. यात पद्धतीचा दोष नाही. आईबापांनी लग्न ठरवताना नंबर बघायला हवे होते.

२४ जानेवारी
नेरळला दोन येसाजी. एक खोडला होता. आज दोघंही येऊन टेबलासमोर उभे. चुलतभाऊ. आजा वारल्यावर दोन्ही घरांनी थोरल्या मुलाला आज्याचंच नाव ठेवलेलं. एकजण ओरडला, “आमी दोगं हाय का नाय, नीट बगा की! मंग तांदूळ एकालाच का?” साहेब दारात उभे होते. म्हटलं, सर, अपवाद. साहेबांनी माझं नाव वहीत टिपून घेतलं. लक्षण चांगलं आहे.

२८ जानेवारी
काशी पुन्हा चढवायला तीन फॉर्म. मानेत कळ. सहदेव शीळ घालतो, त्याचा त्रास वेगळाच. नवा निश्चय : बायकांची नावं फार गोंधळ करतात, ती वगळायची. निम्मं काम वाचलं.

३१ जानेवारी, सोमवार
सहदेवने त्रेसष्ट दुबार नावं दिली. सगळ्या बायका. लग्नात नाव बदलतं. सासरच्या कार्डावर नवं, माहेरच्या कार्डावर जुनं अजून तसंच, आणि रेशन दोन्हीकडून. एकीचाही नंबर जुळत नाही.
साहेबांनी यादी मला मोठ्याने वाचायला लावली. बाविसावं नाव : बुधी कोंडाजी, कळंब. काय नाव, म्हणून मला हसू आलं. पुढचा रकाना : सासरचं नाव विमलबाई. त्यापुढे नवऱ्याचं नाव. माझं.
दोन्ही कार्डांवर ‘तपासले’ म्हणून सहीसुद्धा माझीच.

१ फेब्रुवारी. घरी.
पद्धत मुळात बरोबर होती, असं लिहायला वही उघडली होती.
काल संतापून हिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, “आय एकटी हाय तिकडं. एकटीच्या रेशनात तिचं भागत नाय. तुमी म्हैनाभर समद्या तालुक्याची नावं धुंडाळलीत. माजं कदी ईचारलंत?”
बारा वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात बोटाने ‘विमल’ मीच लिहिलं होतं. त्याआधी तिला काही नाव होतं, हे माझ्या डोक्यातून पार गेलं. नोकरी गेली, त्याचं वाईट वाटतंच. पण काल भर कचेरीत बायकोच्या नावाला मी हसलो, आणि ते तिचं आहे हे मला पुढचा रकाना वाचून कळलं.
हे तिला सांगितलेलं नाही.