टाकीतला नवा दगड

बागास,

आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, म्हणून मी तिच्याकडे मलांगला जातेय. सोयाबीनचं तेंपे तळून ठेवलंय, भात तेवढा लाव.

सकाळी बघते तर शेजारणीने, लारसने, दिलेले सोनमासे पाण्यावर येऊन तोंडं उघडत होते. पंप चालू होता, पण नळीच्या टोकाचा हवेचा दगड शेवाळाने बुजला होता. खोटं कशाला बोलू, मी थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले. मग बाजारातून नवा दगड आणला, भिजवून बसवला. आता बुडबुडे बारीक येतात, मासेही खाली गेलेत.

"लारसच्या हाताला गुण आहे," असं परवा जेवताना माशांकडे बघत दोनदा म्हणालास.

मी नसताना ती मासे बघायला येईलच. येऊ दे. दगड कोणी बसवला, ते मात्र तिला सांग.

वुलान