तुरीवर संशोधन करणारे अरब

लोहा,
रविवार

आदरणीय पंचशीला अक्का,
सविनय जयभीम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालतो. दाजींना जयभीम सांग. तुमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी कधीपासून लागते तेही कळव (सहज विचारतोय).

तर बातमी अशी, की झालो एकदाचा! आठ वर्षांनी, शुक्रवारी नांदेडला, तुझा ग्रंथपाल भाऊ पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतून सुटला. विषय तुला पाठ आहेच: अरब अभ्यासकांच्या हवामानबदल संशोधनातले कल. म्हणजे कोणी, कधी, कशावर लिहिलं याची मोजदाद. (हाच विषय का? माझे मार्गदर्शक रेणुकादास सर यांच्याकडे तेवढाच उरला होता.)

बाहेरून आलेले परीक्षक होते डॉ. खमरोद्दीन कादरी. पाणीटंचाई, उष्णता, धुळीची वादळं यांचे आलेख त्यांनी मान डोलावत पाहिले. मग आला चौथा अध्याय. आठवतं ना, संगणकानं जगभरचे लेख काढून दिले होते आणि त्यातले अरब निवडायला उन्हाळ्यात मी तुला बसवलं होतं? नावावरून जो अरब वाटेल तो घे, असं मीच म्हणालो होतो. तू मास्तरीण, सांगितलं तसं चोख केलंस. त्या यादीवरून मला शोध लागला, की अलीकडे अरबांचं लक्ष तूर आणि सोयाबीनकडे वळलंय. त्यावर मी बावीस पानं लिहिली, कारणमीमांसेसकट (आहारातला बदल वगैरे). सरांनी समासात ‘मौलिक’ असा शेरा मारला होता.

कादरी सरांनी चष्मा काढून विचारलं, की कुठल्या वाळवंटात तूर पिकते? यावर संशोधनाला वाव आहे, असं मी म्हणालो. मग त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. “ह्यो सोयाबीनचा लेख माझा हाय. आन् मी उदगीरचा हाय. मोंढ्यात आमच्या अब्बांची आडत हाय. अरबस्तान म्हणाल तर हजला गेल्तो, तेवढंच.”

रेणुकादास सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझी नोंदणी पुढच्या महिन्यात संपणार होती. आठ वर्षं पाण्यात गेली म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि कादरी सर हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, बाकीचे अध्याय मेहनतीचे आहेत, पदवीची शिफारस करतो. फक्त चौथा पुन्हा लिहा आणि लेखकाची संस्था कुठल्या देशात आहे ते बघून यादी नव्यानं करा. अक्का, मी बाहेर येऊन नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि खरंच रडलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुझा,
आनंदराज
(डॉ. लिहायचा मोह आवरला)

ता. क. यादी एकोणीसशे लेखांची आहे आणि मुदत दीड महिन्याची. सुट्टीचं मी सहज विचारलेलं नव्हतं.

दुसरा ता. क. यादी कोणी केली, असं कादरी सरांनी विचारलं तेव्हा घाबरून मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी आभाराची पानं चाळली. तिथं प्राचार्य निघाले, झेरॉक्सवाला निघाला, चहावालासुद्धा निघाला. “बहिणीचं नाव कुठाय?” हे विचारताना मात्र ते हसले नाहीत. काल अर्पणपत्रिका बदलली, तिच्यावर आता तुझं एकटीचं नाव आहे. तेव्हा ये. तुझ्या नावाच्या प्रबंधात उदगीरचा एकही अरब राहता कामा नये.