बाबूचा डबा, माहा काटा

सोम. ३ नोव्हें.
नाई, जळत नाई मी. धाकट्या बाबूचा कॉम्प्युटर मोठा असला तं असो. पन माह्या काट्यानं त्याच्या भरोशावर काहून राहावं? सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत, आन काट्यावरचं वजन पडद्यावर येईना. दुकानाच्या वाटण्या झाल्या, मधात भिंत घातली, तरी नवं सॉफ्टवेअर सारं बाबूच्याच डब्यात, म्हंजे त्याच्या कॉम्प्युटरात. भिंतीले भोक, भोकातून वायर, तवा कुठं त्याच्या डब्यातलं सॉफ्टवेअर इकडं झेड ड्राइव्ह म्हनून दिसते. त्याच्या सुनेनं लावून देल्लं, पल्लवीनं. इंजिनेर हाय. आपल्याकडं नाई कोनी तसं.

मंगळ. ४
आजबी तेच. वजन पकडनारी सर्व्हिस, म्हंजे आपोआप चालनारा प्रोग्राम, म्हन्ते, झेड सापडत नाई. उघडून पाह्यलं तं झेड समोर! लबाड. पल्लवीले बलावलं.
"मोठे बाबा, सर्व्हिस मशीनसंगंच उठते. झेड येते तुमी पासवर्ड टाकल्यावर, आन तेबी फक्त तुमालेच दिसते. सर्व्हिसले नाई."
म्हटलं, म्हंजे मालकाले कोठी दिसते, नोकराले नाई?
"तसंच."
आन कोठी कोनाची? बाबूची. हासली.
म्हने, दुरुस्ती होईतवरोक तोच प्रोग्राम आपन हातानं चालू कराचा. पडद्यावर त्याची काळी खिडकी उघडते, ते बंद नाई कराची. बरं.

बुध. ५
हातानं चालते. पन बाबूचा डबा अदुगर चालू पायजे. साहेब उशिरा येतात. भिंतीवर थाप मारली. तिकडून थाप आली, का समजाचं डबा चालू. रांगेतला एक बुढा म्हने, भिंतीत कोन हाय?

शनि. ८
त्याच्याकडं एसी. कारंज्याहून सोफा आनला. लोक माल माह्या काट्यावर मोजतात आन बसाले तिकडं जातात. बसा.
आज थापेनंतर बाबू वरडला, "दादा, झालं का चालू? चहा धाडू?" वाटणीपासून पयल्यांदा बोलला. म्हटलं, तुह्या चहात साखर लय असते. तरी धाडला. बिनसाखरेचा. चहाबी त्याचाच चांगला.

सोम. १०
पल्लवी आली. "मोठे बाबा, सारं तुमच्याच मशीनवर टाकून देते. सर्व्हिस आपोआप उठन. वायर काढू, भोक बुजवू. आमच्या डब्याची गरजच नाई."
आठ दिवस याच्यासाठीच बोंबलून राह्यलो होतो.
म्हटलं, राहू दे.
"आँ? तुमीच तं मांगे लागले होते!"
हातानं बरं चालते.
पाहातच राह्यली पोरगी. इंजिनेर असून.

मंगळ. ११
आज शटर वर करतो न करतो, तं थाप. त्याची. माह्या अदुगर आला होता.
"दादा, पल्लवी म्हन्ते तू नाई म्हटलं. काहून?"
ट्रॅक्टर काट्यावर होता. म्हटलं, वजन घेऊ दे.
जराशानं परत, "सांग ना बे."
नाई सांगत. त्याले नाई, पल्लवीले नाई. इथंबी लिहीत नाई.