बारा किलोपर्यंतचा मामा

नाशिक रोड,
रविवार दुपार

ती. आक्का,

तुझ्या पाठच्या भावाचा, कुंदनचा, कंबर न वाकवता नमस्कार. (वाकता येत नाही म्हणून नव्हे. सध्या पाठ ताठ ठेवण्याची शिस्त आहे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? शेवंती नेमकी लग्नाच्या आठवड्यात तोडणीला येणार असं कळलं, म्हणजे हार घरचेच. इकडे छाया बरी आहे. मी तर बरा या शब्दाच्या पुढे गेलो आहे.

शुभांगीचं लग्न ठरलं त्या सुपारीत दाजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मामा, हाराच्या वेळी भाचीला उचलाल, का जेसीबी सांगू?" सगळे हसले. आपला धाकटा गेणू सगळ्यांत मोठ्याने हसला. मी हसलो नाही, कारण मला थोरल्या ललिताचं लग्न आठवत होतं. नवरदेवाला त्याच्या मित्रांनी उचलून पार मांडवाला लावलं, आणि तिला उचलायला मी आणि गेणू एकदमच धावलो. मान थोरल्या मामाचा की ताकदवान मामाचा, हा वाद आम्ही तिचा एकेक दंड धरून तिथेच घातला. पोर जमिनीवरच राहिली. शेवटी तिने हार फेकला आणि तो नवरदेवाच्या मित्राच्या गळ्यात पडला. (त्याचं लग्न अजून जमत नाही म्हणतात. त्यात माझा काही दोष नाही.) तेव्हापासून गेणू माझ्याशी बोलत नाही, मीही त्याच्याशी. म्हणून या वेळी भाचीला एकट्याने उचलायचं, असं मी सुपारीच्या पंगतीतच ठरवलं.

स्टेशनमागच्या गल्लीत एक जिम आहे. तिथे केटलबेल नावाची वस्तू असते. बाजारातल्या काट्यावरच्या वजनाला वरून कडी लावली की झाली केटलबेल. ती एका हाताने डोक्यावर न्यायची. शिकवणारा राज माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "काका, आठ किलोने सुरू करू." आक्का, आठ किलोला आपल्या मळ्यात वजन म्हणत नाहीत, झुकतं माप म्हणतात. मी त्याला सांगितलं, टोमॅटोची कॅरेट वीस किलोची असते, आणि अशा कॅरेटी मी तरुणपणी टेम्पोत भरल्या आहेत. समोरून गेणू नुसता 'हं' म्हणायचा (त्याला उगाच बोलायची सवय आहे) आणि कॅरेट वर जायची. राजने विचारलं, "एकटे उचलायचा का?" हा प्रश्न मला गैरलागू वाटला. मी वीसची केटलबेल घेतली.

ती खांद्यापर्यंत आली. तिथून वर मात्र ती गेली नाही, मी खाली गेलो. जमीन रबराची आहे, ही जिमवाल्यांची दूरदृष्टी. मग सोळा घेतली. ती वर निघाली, पण पाठ मागे वाकली आणि मला छताचा पंखा दिसू लागला. राज म्हणाला, "काका, हे उचलणं नाही, हे मागे पडणं आहे." त्याचं म्हणणं असं, की जमिनीवरून उचलता येतं ते वजन वेगळं आणि डोक्यावर थांबवता येतं ते वेगळं. कोपर सरळ, कंबर जागेवर, श्वास चालू, आणि असं चार-पाच वेळा जमलं तर ते वजन आपलं. बाकीची लोकांची. त्या हिशेबाने माझी आठच निघाली. छायाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "गॅसची टाकी दारातून ओट्याशी आणायला वॉचमनला हाक मारता, आणि तिथे जाऊन लोखंड उचलता? निदान टाकी तरी उचला." मी डोळे मिटून एक, दोन, तीन म्हणत बसलो. श्वास मोजून घ्यायचा असतो.

पण आक्का, आज सकाळी बारा गेली. खांद्यावरून उठली, कानाजवळून सरकली आणि माथ्यावर जाऊन थांबली. हात हलला नाही. कंबर हलली नाही. शेजारी सायकल मारणारे सोमानाना, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, पाय थांबवून ओरडले, "हाणलं!" राजने टाळी वाजवली. मी केटलबेल लगेच खाली ठेवली नाही. खाली ठेवायची घाई कशाला? आयुष्यात फार थोड्या गोष्टी आपण डोक्यावर धरतो आणि त्या तिथे राहतात. पुन्हा चार वेळा नेली. येताना रिक्षा केली नाही, चालत आलो. वाटेत कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

दाजींना सांग, जेसीबी रद्द करा. शुभांगीला सांग, मामा तयार आहे. तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा,
कुंदन

ता. क. शुभांगीला फोन करून तिचं वजन विचारलं. आधी चिडली, मग सांगितलं. आकडा कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला आहे, पण बाराच्या पाढ्यात तो बराच खाली येतो.

आणखी ता. क. हे पत्र दाजींना वाचून दाखवणार असशील तर वरच्या सहीपाशी थांब. गेणूला तू सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस. हाराच्या वेळी डावी बाजू त्याची, उजवी माझी. नवरदेवाचे मित्र कितीही उंच असोत, कॅरेट त्यांनी भरलेली नाही. मी काही बोलणार नाही. 'हं' त्यालाच म्हणू दे.