मागून येणारा आवाज

आई, चाचणीला आलेल्या एका गृहस्थांनी श्रवणयंत्र कानातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "बाई, माझाच आवाज माझ्या मागून येऊन राहिलाय. बोलताच येईना." हदगावचे, जन्मभर एस.टी.त कंडक्टर. यंत्र लावलं की वाक्याच्या मधेच अडखळत होते. त्यांची बायको म्हणाली, "राहू द्या की. घरात जरा शांतता." नर्स हसली. मला हसता आलं नाही. यंत्रातला प्रोसेसर, म्हणजे आवाज हाताळणारी चिप, मी घडवली होती, आणि या चाचणीत ती नापास झाली तर कंपनी ते काम बंद करणार होती.

नांदेडच्या त्या दवाखान्यात दुपारभर मी लॅपटॉप घेऊन बसले. आवाज स्वच्छ करायचा म्हणून मी त्याचे फार तुकडे साठवून घेत होते. तेवढा वेळ तो आत अडकत होता. चिप बदलता येत नाही, तिच्यावरचा प्रोग्राम बदलता येतो. प्रोग्राम नंतरही बदलता यावा अशीच ती बांधायची म्हणून मी कंपनीत कितीजणांशी भांडले होते. साठवण कमी केली. थोडी खरखर परत आली. आवाज वेळेत आला. संध्याकाळी ते बोलायला लागले ते थांबेनातच. यंत्र लावूनच घरी गेले.

तू आठवलीस ती त्यानंतर. भूकंपात गाव गेल्यावर आपण लातूरला आलो, तू मेडिकलच्या क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढलीस. मी भाकरी थापते आहे, कडा गोल व्हावी म्हणून फिरवत बसले आहे. बाहेरून पोरगा ओरडतो, "काकू, पेपर सुरू होईल!" तू परात ओढून घेतेस. "चांद करून राहिलीस का? ल्हान थाप, पर लेकरू उपाशी जाऊ देऊ नको." मला राग आला होता. त्या पोरांमध्ये मीही बसावं, डॉक्टर व्हावं, एवढंच तुला हवं होतं. डॉक्टर झाले नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही, आई. तुझ्यासमोर मात्र वाटतंय असं दाखवत राहिले. हे आज लिहिताना हलकं वाटतं आहे. तू गेल्यापासून पाठवायला पत्ता नाही, तेही एका परीनं बरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवरा-बायको परत आले. यंत्र परत द्यायचं की नाही यावरून दवाखान्याच्या दारातच त्यांचं भांडण जुंपलं होतं. गृहस्थ एकदाही अडखळले नाहीत.