बंद तोटीचे इंधन

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवसभर काचेच्या नळीत डोकावून मी करतो तरी काय, असे तू विचारलेस. सांगतो. नळीत धातूची काळी भुकटी असते. तिच्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडायचे. खालून उष्णता, वरून दिव्याचा झोत. नुसत्या उष्णतेने फार तापवावे लागते, नुसत्या प्रकाशाने काम रडतखडत चालते. दोन्ही एकत्र आले, की प्रकाश भुकटीतील इलेक्ट्रॉनांना जागे करतो, उष्णता त्यांना कामाला जुंपते, आणि धुराड्यातला टाकाऊ वायू मिथेन, म्हणजे इंधन, होऊन बाहेर पडतो. किती सुंदर!

आता दुखणे ऐक. परवा पडताळा म्हणून कार्बन डायऑक्साइडची तोटी बंद केली. मिथेन येतच राहिला! भुकटी चिकटवायला मी डिंक वापरला होता. इंधन त्या डिंकाचेच बनत होते. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, पैसे देणारे पाहुणे यंत्र पाहून जाऊ देत, मग बघू. इंधन धुराड्यातल्या वायूचेच होते, अशा अहवालावर सही मात्र माझीच हवी. धरले तर चावते, सोडले तर पळते.

तुझ्या रागालाही लोभ समजणारा,
ठोकळा

११ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

तुझ्या डिंकात सगळे घर चिकटले आहे. आमचा मुलगा धुरातून गॅस काढतो, असे बाबांनी न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना ऐकवले. आई विचारते, वेळेवर जेवतोस ना?

मी सांगते, सही करू नकोस. शब्दांत तू नेहमीच अडखळतोस. तेव्हा पाहुण्यांदेखत तोटीच बंद करून दाखव. नोकरी गेली तर सरळ घरी ये. बाबांना मी आवरते.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे ऐकले. पाहुण्यांसमोर तोटी बंद केली. मिथेनचा आकडा जागचा हलला नाही. मी डिंकाचे सांगू लागलो, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला! वायूवाचूनही यंत्र इंधन देते, हे त्यांना अधिकच भावले. डिंक संपला की हेही संपेल, असे मी ओरडून सांगितले. माझा दंड घट्ट धरून प्रमुख हसत म्हणाले, आमचा हा पोरगा फार विनयशील आहे.

अहवालावर मी सही केलेली नाही. आता ती कोणी मागतही नाही. माझी नेमणूक पाच वर्षांनी वाढवली आहे आणि आज सकाळी डिंकाचे पिंप आले.

बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस. लोभ वाढवावास.

तुझा,
ठोकळा